चित्रपट्टीवरची अदलाबदल

परदेशातून नुकत्याच आलेल्या त्या चार वर्षांच्या मुलीने बालवर्गात तोंड उघडलं नव्हतं. घरी मात्र ती अखंड बोलायची. नवी भाषा कानावर पडू लागली की काही मुलं कित्येक आठवडे, कधी महिनेही गप्प राहतात. ऐकून साठवत असतात. म्हणून ‘नमस्कार म्हण बघू’ असा आग्रह आम्ही कोणालाच करू देत नव्हतो. सगळ्यांच्या नजरा एकदम वळल्या की असं मूल आणखी मिटतं.

तिचा आधार होता भिंतीवरची चित्रपट्टी. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, वेल्क्रोने लावलेले सहा फोटो: येणं, खेळ, हात धुणं, खाणं, मैदान, घरी जाणं. एक गोष्ट उरकली की तिचा फोटो उलटा करायचा. फोटो आपल्याच वर्गाचे हवेत. छापील चित्रातला नळ म्हणजे इथलाच नळ, हे लहान मुलाला चटकन जुळवता येत नाही. शेवटचा फोटो सर्वांत मोलाचा, कारण आई कधी येणार ते त्यावरूनच कळतं.

त्या दिवशी पट्टी लावायची पाळी दुसऱ्या मुलाची होती. त्याने खाणं आधी लावलं, हात धुणं नंतर. ती उठली, दोन्ही फोटो काढले, अदलाबदल करून दाबून बसवले आणि जागेवर गेली. एक शब्द नाही. पण वर्ग कसा चालतो हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि चुकलेलं सुधारायचा हक्क आपल्यालाही आहे असं तिला वाटलं होतं. माझ्या लेखी हे पहिल्या शब्दाहून मोठं.

आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पट्टीचं काम त्या दोघांना मिळून दिलं: एकाने फोटो शोधायचा, दुसऱ्याने लावायचा. काम असं वाटून दिलं नाही तर बोलकं मूल एकटंच सगळं उरकतं. मी शेजारी बसून, प्रश्न न विचारता, जे चाललंय ते बोलत राहिले: ‘आता हात धुवायचे.’ पुढे तिचे पहिले शब्दही असेच तयार तुकडे निघाले: ‘आता मैदान’, ‘माझी पाळी’.

घरीही शाळेचीच भाषा बोलू का, असं वडिलांनी विचारलं. मी ठाम नाही म्हटलं. घरची भाषा भक्कम असली की दुसरीला तिचा आधार मिळतो. उलट आईच्या आवाजात मुलीच्या नावाचा उच्चार आणि एक गोष्ट रेकॉर्ड करून मागितली. सोयीसाठी नाव तोडायचं नाही, हा आमचा नियम. गोष्ट सगळ्यांनी ऐकली, पण ‘तुझ्या देशाबद्दल सांग’ असं तिला कोणी विचारलं नाही. चार वर्षांच्या मुलावर तो भार कशाला?

मूल घरीही बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, तर मात्र थांबू नये. आधी कानांची तपासणी करून घ्यावी.