आणीबाणी सैल झाली तेव्हाची पत्रं

१८ जानेवारी १९७७ ला इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून लोकसभेची निवडणूक जाहीर केली आणि दोनच दिवसांनी वृत्तपत्रांवरची सेन्सॉरशिप शिथिल झाली. मी तेव्हा पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होते आणि वाचकांच्या पत्रव्यवहाराचं टेबल माझ्याकडे होतं. कागदोपत्री आणीबाणी उठली ती २१ मार्चला, निकालानंतर. माझ्या टेबलावरून पाहिलं तर लोकांनी ती जानेवारीतच उठवून टाकली होती.

त्याआधीच्या दीड वर्षात येणारी पत्रं म्हणजे तुंबलेली गटारं, न थांबणाऱ्या एसट्या आणि रॉकेलच्या रांगा. राजकारणावर कोणी लिहिलंच तर आडून आडून. काय छापून येईल याचा अंदाज घेत माणूस लिहायला लागला की त्याची वाक्यं आखडतात, अक्षरसुद्धा जपून काढल्यासारखं दिसतं. १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत व्यासपीठावरून आणीबाणीविरुद्ध स्पष्ट बोलल्या, तेव्हा त्यांचं कौतुक करणारी काही पत्रं आली होती. एकही छापता आलं नाही. ती मी टाकून दिली नाहीत, खणात ठेवली.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी पोस्टमनने नेहमीचा गठ्ठा हातात न देता पोतंच टेबलाशेजारी टेकवलं. पोस्टकार्डं, अंतर्देशीय पत्रं, वहीची फाडलेली पानं कोंबून फुगलेली पाकिटं. आमचे संपादक, त्यांना सगळे तात्या म्हणत, पोत्याकडे बघून म्हणाले, "दोन गठ्ठे करा. बाईंच्या बाजूची एकीकडे, विरोधातली एकीकडे. रविवारी अर्धं पान देतो, दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात."

काम सोपं वाटत होतं. काही पत्रं लगेच लागलीही. गाड्या वेळेवर धावतात, कचेरीत बाबू जागेवर सापडतो, संप नाहीत, असं लिहिणारे निवृत्त लोक एकीकडे. मुंबईत मे १९७६ मध्ये मानखुर्दजवळची जनता कॉलनी पाडली, तिथून चीता कॅम्पला नेऊन टाकलेल्या एका माणसाचं पत्र दुसरीकडे. पण दुपारपर्यंत टेबलावर तिसरा ढीग झाला आणि तोच सगळ्यांत मोठा.

सोलापूरच्या एका गिरणी कामगाराचं पत्र त्यात होतं. वीस कलमी कार्यक्रमाच्या वेळी झालेल्या कर्जमुक्तीच्या कायद्यामुळे त्याच्या बहिणीचं सावकाराकडे अडकलेलं घर सुटलं होतं. त्याबद्दल तो मनापासून लिहीत होता. पुढच्याच ओळीत त्याचा संताप: किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला, विचारायला जावं तर युनियनचा पुढारी तुरुंगात. घर सोडवणारं सरकारही तेच आणि बोनस कापणारंही तेच. मत कोणाला द्यायचं ते अजून ठरलेलं नाही, असं त्याने सरळ लिहिलं होतं.

मग सातारा जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्या बापाचं पत्र हाती आलं. त्यांचा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत होता आणि डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरच्या लढाईत गेला. पत्र चार पानी होतं. पहिली दोन पानं बांगलादेशच्या युद्धावर. रशियाशी केलेला करार, अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालेलं असताना बाईंनी दाखवलेला धीर, ढाक्यात शरण आलेली पाकिस्तानी फौज, सगळं त्यांनी क्रमाने मांडलं होतं. माझा मुलगा वाया गेला नाही, ही खात्री मला बाईंनी दिली, असं ते म्हणत होते. तिसऱ्या पानावर सिमला कराराची नाराजी होती: जिंकलेली जमीन परत का दिली? आणि चौथ्या पानावर गावच्या गुरुजींचा विषय. गुरुजी जुलै १९७५ पासून येरवड्याच्या तुरुंगात, मिसा कायद्याखाली. खटला नाही, सुनावणी नाही. ज्या बाईने निक्सनला भीक घातली नाही, तिला आमच्या गुरुजींचं भय का वाटावं, असा त्यांचा प्रश्न होता.

ते पत्र मी कुठल्याच गठ्ठ्यात ठेवू शकले नाही. कात्री लावून पहिली दोन पानं इकडे आणि चौथं पान तिकडे छापणं शक्य होतं, तशी प्रथाही होती. पण ते त्या माणसाचं पत्र राहिलं नसतं.

दुपारनंतर वाचलेलं एक पोस्टकार्ड मला आजही दिसतं. मराठवाड्यातल्या एका बाईचं. अक्षर शाळकरी पोराचं होतं, तिने सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं असावं. नवरा आठवड्याच्या बाजाराला गेला, जीपमधून नेला, तिसऱ्या दिवशी घरी आला तो शस्त्रक्रिया होऊन. पदरी एक मुलगी. शेवटी कडेच्या कोऱ्या जागेत उभं लिहिलं होतं: इंदिराबाईंना हे कोणी सांगितलं नसेल, तुम्ही सांगा. नाव छापू नका, त्यांना गावात तोंड दाखवता येणार नाही.

आमचे फोरमन, मामा, तेव्हा प्रूफ घेऊन आले होते. त्यांनी कार्ड वाचलं आणि म्हणाले, "खरंय. बाईंना नसणार ठाऊक. खालच्या लोकांनी आकडे भरायला केलंय सगळं." मी भडकले. १९७६ च्या एप्रिलमध्ये केंद्राचं लोकसंख्या धोरण आलं, सक्तीच्या नसबंदीचा कायदा करायला राज्यांना त्याने मोकळीक दिली. आपल्या विधिमंडळाने तसं विधेयक मंजूरही केलं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणूनच ते अडलं. हे काही अंधारात झालेलं नव्हतं. त्या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. एवढा आकडा वरून रेटा असल्याशिवाय खालचे कारकून गाठत नाहीत. माझं मत तेव्हाही हेच होतं, आजही हेच आहे. मामा मात्र मान हलवत राहिले. "तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. पण तिने बाईंवर भरवसा ठेवलाय तो खोडून छापू नका." त्यांचं हे म्हणणं मला पटलं.

संध्याकाळी तात्यांसमोर तीन गठ्ठे ठेवले. त्यांची पहिली हरकत नावांवर होती. निनावी पत्र छापायचं नाही हा आमचा नियम होता आणि तो चांगला नियम होता. पण सेन्सॉर सैल झाला तरी १९७६ चा आक्षेपार्ह मजकुराविरुद्धचा कायदा जिवंत होता, मिसा जिवंत होता. नाव छापलं तर उद्या लिहिणाऱ्याच्या दारात पोलीस, आणि नाही छापलं तर आम्हीच पत्रं रचली असा आरोप. पुष्कळ वेळ बोलणं झालं. तात्या जेलमध्ये गेलेल्यांपैकी नव्हते, निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडणाऱ्यांपैकीही नव्हते. त्या दीड वर्षात त्यांनी अंक बंद पडू दिला नाही आणि त्यापायी बरंच गिळलं, हे आम्ही पाहिलं होतं. त्यांनी साताऱ्याचं पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"मथळे काढा," ते म्हणाले. "बाजूने, विरोधात काही नको. आली त्या क्रमाने लावा. अर्धं नाही, पूर्ण पान." ज्यांनी नाव नको म्हटलं त्यांच्याखाली फक्त जिल्हा टाकायचा. मूळ पत्रं त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. कोणी विचारायला आलं तर संपादक म्हणून जबाब मी देईन, तुमचं नाव येणार नाही, असं मला बजावलं.

पान मामांनी स्वतः लावलं. साताऱ्याचं पत्र चारही पानांचं, एक ओळ न कापता. विचारायला कोणी आलं नाही. पुढच्या आठवड्यात पत्रं मात्र दुप्पट आली, आणि त्यांत सह्या ठळक होत्या.

मार्चमध्ये निकाल लागला. उत्तर प्रदेशात काँग्रेसला एकही जागा नाही, खुद्द बाई रायबरेलीत पडल्या. महाराष्ट्रात ४८ पैकी २० जागा काँग्रेसकडे राहिल्या. दिल्लीकडचे लोक विचारत होते, महाराष्ट्र असा अर्धामुर्धा का? माझ्या तिसऱ्या गठ्ठ्याने ते आधीच सांगितलं होतं.

३ ऑक्टोबर १९७७ ला जनता सरकारने इंदिराबाईंना अटक केली आणि दुसऱ्या दिवशी न्यायालयाने सोडून दिलं. त्या आठवड्यात सोलापूरच्या त्याच कामगाराचं पोस्टकार्ड आलं, या वेळी पूर्ण नाव-पत्त्यासह. नव्या सरकारने ८.३३ टक्के बोनस परत दिला, त्याबद्दल आभार मानले होते. आणि खाली लिहिलं होतं की निवडणुकीत हरवलं होतं ना, मग अटक कशाला, हे आम्हाला आवडलेलं नाही.