नोट कितीची, ते बोटाला कसं कळतं?

"काका, दिसत नाही तर नोट कितीची ते कसं कळतं तुम्हाला?" आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतोच. विचारणारा बहुतेक वेळा सुटे मोजून घेता घेता विचारतो, त्यामुळे त्यात कौतुक किती आणि काळजी किती, ते आवाजावरून कळतं. काही जण उत्तरही स्वतःच देऊन मोकळे होतात. "नोटेवर ब्रेल असतं ना?" नसतं. आपल्या नोटेवर ब्रेलचं एक अक्षरही नाही. दुसरं बरंच काही आहे, ते तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

साताऱ्यात राजवाड्याच्या मागच्या अंगाला माझ्या थोरल्या भावाचं किराणा दुकान आहे. गल्ल्यावर मी असतो. त्याआधी एका पतसंस्थेत कॅशिअर होतो. काचबिंदूनं हळूहळू खात आणलेली नजर २०१३ साली पुरती गेली. म्हणून माझ्याकडे नोटांच्या दोन जाती आहेत. एक डोळ्यांनी बघितलेली : दहाच्या पाठीवर गेंडा, हत्ती आणि वाघ, पन्नासवर संसद, शंभरावर कांचनजंगा, पाचशेवर दांडीयात्रा. आणि दुसरी २०१६ नंतरची, जी मी फक्त हाताळली आहे.

जुन्या नोटांवर आमच्यासाठी खुणा होत्या. नोटेच्या दर्शनी बाजूला, उठावाच्या छपाईत. वीसला उभा आयत, पन्नासला चौकोन, शंभराला त्रिकोण, पाचशेला गोल, हजाराला शंकरपाळ्यासारखा चौकोन. दहाला काहीच नाही. डोळे शाबूत असताना मी हजारो बंडलं मोजली, पण त्या त्रिकोणाकडे कधी ढुंकूनही बघितलं नव्हतं. नक्षीचाच भाग असेल, असं वाटायचं. पुढं तोच त्रिकोण अंगठ्याखाली शोधायची पाळी आली.

नव्या मालिकेत शंभराचा त्रिकोण आणि पाचशेचा गोल तसेच ठेवले, हे मात्र शहाणपणानं केलं. दोनशेची नोट २०१७ साली नव्यानं आली, तिला इंग्रजी एचसारखी खूण आहे. शिवाय दोन्ही कडांना तिरप्या रेघा. शंभराला चार, पाचशेला पाच. दोनशेलाही चारच, पण मध्ये दोन बारीक गोल. दोन हजाराला सात होत्या आणि आडवा आयत. ती नोट १९ मे २०२३ ला चलनातून मागे घेत असल्याचं जाहीर झालं, तेव्हा आमच्या गल्ल्यात एकच होती. आमच्याकडे अर्धा किलो पोहे घ्यायला दोन हजार घेऊन कोण येणार?

वाचायला हे सगळं छान वाटतं. कोऱ्या नोटेवर जमतंही. पण किराणा दुकानात येणारी नोट कोरी असते का? ती आधी भाजीवालीच्या बटव्यात चार घड्या होऊन बसलेली असते, मग रिक्षावाल्याच्या घामेजल्या खिशात, मग आमच्या तेलाच्या हातात. उठाव झिजून जातो. साताऱ्याच्या पावसाळ्यात तर बघायलाच नको. नोटेचा कागद कापसाचा, त्यामुळे दमट हवेत ती धुतलेल्या रुमालासारखी मऊ होते आणि त्रिकोण, गोल, एच सगळे एकजीव होतात. आणि दहा, वीस, पन्नास ह्यांना नव्या मालिकेत हाताला लागेल अशी खूणच ठेवलेली नाही. गल्ल्यात सगळ्यांत जास्त त्याच असतात.

मग उरतं ते माप. माझ्या मते नोटेवरची सगळ्यांत खरी खूण म्हणजे तिची लांबी, कारण ती झिजत नाही.

जुन्या मालिकेत हे फार सोपं होतं. पन्नास १४७ मिलिमीटर, शंभर १५७, पाचशे १६७, हजार १७७. एकेका सेंटिमीटरची पायरी. दोन नोटा एकमेकींवर ठेवल्या की बोटाच्या पेराला फरक लागायचा. आता शंभर १४२, दोनशे १४६, पाचशे १५०, आणि रुंदी तिघींची सारखीच, ६६. चार मिलिमीटर म्हणजे किती? तुरीच्या डाळीचा एक दाणा, जवळजवळ तेवढंच. त्या एका दाण्यावर तीनशे रुपयांचा हिशेब अवलंबून.

आणखी गंमत पुढंच आहे. जुनी शंभराची नोट अजूनही चालते, आणि ती नव्या पाचशेपेक्षा सात मिलिमीटरनं मोठी आहे. जुनी दहाची नव्या पन्नासपेक्षा लांब. म्हणजे मोठी नोट मोठ्या किमतीची, हा लहान पोरालाही कळणारा नियम मोडला. रंग, चित्रं, महात्मा गांधींचा चश्मा ह्यावर एवढा विचार झाला, तर आमच्या चार मिलिमीटरवर अर्धा तास जास्त बसले असते तर बरं झालं असतं. नॅब ही अंधांची संस्था ह्यासाठी मुंबई उच्च न्यायालयातही गेली होती. रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२० ला 'मनी' नावाचं अॅप काढलं; मोबाईल नोटेसमोर धरला की ती कितीची ते बोलून सांगतं. नोट खरी की खोटी हे मात्र सांगत नाही. अॅप चांगलं आहे, पण समोर चार गिऱ्हाईकं उभी असताना मोबाईल काढून प्रत्येक नोटेचा फोटोसेशन कोण करणार?

माझा उपाय सागवानी आहे. ओळखीच्या सुताराकडून एक पट्टी करून घेतली, बोटभर रुंद. एका टोकाला आडवी फळी, नोटेची कड टेकवायला. वरच्या बाजूला करवतीनं पाडलेल्या तीन खाचा : १४२, १४६, १५०. नोट टेकवायची, ताणायची, दुसरी कड कुठल्या खाचेपाशी आली ते नखानं बघायचं. जुनी शंभराची असेल तर पट्टीच्या बाहेर जाते, म्हणून तीही कळते. गेल्या पाच वर्षांत हाताळून हाताळून पट्टी गुळगुळीत झाली आहे, पण खाचा शाबूत आहेत.

फसवलं का कुणी? दोनदा. एकदा कुणीतरी मुलांच्या खेळण्यातली नोट दिली. माप जवळपास बरोबर होतं, पण कागद मुका होता. खरी नोट झटकली की कडकन बोलते, ती नुसतीच फडफडली. पण तोवर गिऱ्हाईक बोळ ओलांडून गेलं होतं.

चित्रांचं म्हणाल तर ती पुतणीकडून ऐकली. दहावर कोणार्कचं सूर्यमंदिर, पन्नासवर हंपीचा दगडी रथ, शंभरावर गुजरातेतल्या पाटणची राणीची वाव (पायऱ्यांची विहीर), दोनशेवर सांचीचा स्तूप, पाचशेवर लाल किल्ला. मागच्या बाजूला पंधरा भाषांत किंमत लिहिलेली असते, त्यात मराठी वरून मोजा की खालून, आठवीच. वीसवर वेरूळ आहे हे तिनं सांगितलं तेव्हा मी नोट हातात घेऊन जरा वेळ बसलो. शाळेच्या सहलीत कैलास लेणं बघितलेलं, वरच्या कड्यावरून खाली वाकून. मास्तरांनी सदऱ्याला धरून मागं ओढलं होतं. वीसची नोट चपटी, खुणेवाचून, बोटाला काहीही न सांगणारी. आणि चित्र मला पाठ आहे ते तिचंच.

परवा परळीकडची एक आजी आली. गूळ, शेंगदाणे, काडेपेटी. पदराच्या गाठीतून नोट सोडून माझ्या हातावर ठेवली. "शंभराची हाय, बाबा. राहिलेलं दे."

मी पट्टी लावली. कड थेट तिसऱ्या खाचेवर.

"आजी, ही पाचशेची आहे."

"व्हय?" तिनं नोट परत घेतली. कागद उलटासुलटा केल्याचा आवाज आला. "मला आता मेलं दिसतंय कुठं. तुझी ती फळी लाव बघू परत एकदा."