काळी पडेल, पण कीड थांबेल

जव्हारजवळच्या एका अंगणवाडीत दातांची तपासणी होती. ड्रिल नाही, खुर्ची प्लास्टिकची, उजेड हेडलॅम्पचा. चार वर्षांच्या एका मुलीच्या पुढच्या दातांना आणि खालच्या दाढांना कीड लागली होती.

अशा ठिकाणी माझी सगळी भिस्त किडीवर लावायच्या सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या द्रावणावर असते. चांदी जंतू मारते, फ्लोराइड मऊ पडलेला दात टणक करतं आणि अमोनियामुळे द्रावण टिकतं. सुई नाही, भूल नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, ते योग्यच झालं.

पण किडलेला भाग कायमचा काळा होतो. म्हणून बाटली उघडण्याआधी मी मोबाइलवरचा अशा काळ्या दातांचा फोटो दाखवते. फोटो बघून आईचा चेहराच उतरला. "पुढचे नको हो बाई, पोरीला नावं ठेवतील." आजी मिशरी लावणारी, ती म्हणाली, "दुधाचेच दात, पडायचेच हायेत. लाव तू." मला आईचं पटलं. पोरीला त्याच तोंडाने शाळेत जायचंय. पुढच्या दातांना सोडियम फ्लोराइडचं वार्निश लावायचं ठरवलं. त्याने डाग पडत नाही, पण कीड थांबवायची ताकदही कमी.

ओठांना व्हॅसलीन, गालाशी कापसाचे बोळे, दाढ कोरडी. प्लास्टिकच्या वाटीत एकच थेंब. इवल्या ब्रशने तो खड्ड्यात मिनिटभर चोळत राहायचं. कातडीवर सांडला तर डाग आठवडा-दोन आठवडे राहतो, कपड्यावरचा जातच नाही. खरा धोका बाटलीत असतो. पाच मिलीत सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड, आणि पंधरा किलोच्या मुलाला पंचाहत्तर मिलिग्रॅमही घातक ठरू शकतं. बाटली मी टेबलावर ठेवतच नाही, पेटीला कुलूप असतं.

रांगेतल्या एका मुलाच्या हिरडीवर पुवाचा फोड होता. दाताची नस मेली असेल तर या औषधाचा उपयोग नाही. त्याला ग्रामीण रुग्णालयात धाडलं.

सहा महिन्यांनी परत गेले. मुलीच्या दाढा काळ्याकुट्ट, पण तपासायची टोकदार सळई, प्रोब, कुठेच रुतेना. पुढच्या दातांची कीड मात्र थोडी पसरली होती. आईने फोटो पुन्हा मागून घेतला, नीट पाहिला आणि पुन्हा नकोच म्हणाली. मी वार्निश लावलं आणि दाढांवर दुसरा हात दिला.