मूठ कुणी उघडलीच नव्हती

आजोबांना माझ्याकडे पाठवताना केसपेपरवर एकच ओळ होती : ‘जांघेत व काखेत पुरळ, क्रीम लावूनही परत येतं.’ मी वॉर्डांमधून त्वचा आणि जखमांची काळजी बघणारी परिचारिका आहे. अशी ओळ लिहून येते तेव्हा बहुतेक वेळा ट्यूब बदलून झालेली असते, पण वळी नीट उचलून, उजेड पाडून कुणी पाहिलेलं नसतं.

मेंदूच्या उजव्या भागातल्या पक्षाघाताने आजोबांची डावी बाजू गेली होती. आधी लुळा पडलेला हात हळूहळू ताठरला होता. दंड छातीला घट्ट, कोपर दुमडलेलं, मूठ वळलेली. जोडीला जुना मधुमेह आणि दिवसरात्र डायपर.

घडीतल्या पुरळाची सुरुवात बुरशीपासून होत नाही. कातडीला कातडी चिकटून राहिली की घाम उडून जात नाही. वरचा थर ओल शोषून फुगतो, पांढरट आणि मऊ पडतो, आणि घासला की सोलवटून निघतो. बुरशी आणि जीवाणू त्यानंतर येतात. म्हणून नुसती बुरशी मारली आणि ओल तशीच ठेवली, तर पंधरवड्यात सगळं पुन्हा पहिल्यासारखं.

जांघ लालभडक होती. लाल पट्ट्याच्या कडेबाहेर सुट्या बारीक पुटकुळ्या होत्या, म्हणजे कॅंडिडा नावाची बुरशी. अंडकोशाची कातडीही लाल झाली होती. गजकर्ण असतं तर ते सहसा ती जागा सोडून मांडीकडे सरकतं आणि त्याची पुढे जाणारी कड उठून दिसते. खरवडलेले कण पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, त्यात यीस्टच्या, म्हणजे एकपेशी बुरशीच्या, कळ्या आणि खोटे तंतू दिसले; कॅंडिडाच. पण कातडी पातळही झाली होती. आधीच्या ट्यूबमध्ये बुरशीचं आणि जीवाणूंचं औषध होतंच, शिवाय क्लोबेटासॉल, म्हणजे स्टिरॉइडमधलं सर्वांत जहाल. घडीत कातडीच कातडीवर झाकण घालते, त्यामुळे ते कितीतरी जास्त मुरतं. दोन दिवसांत लाली उतरते, घरचे खूश होतात. आत बुरशी वाढत राहते आणि कातडी विरत जाते. जांघेसाठी अशी ट्यूब लिहून देणाऱ्यांचा मला राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

काखेतला डाग निराळाच होता. तपकिरी लाल, बारीक कोंडा, पुटकुळी एकही नाही. वुडच्या दिव्याखाली, म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याखाली, तो पोवळ्याच्या रंगाने चमकला. एरिथ्राझ्मा. हा जीवाणूंचा आजार; त्याला क्लिंडामायसिनसारखं औषध लागतं. हा दिवा अंग पुसण्याआधी लावायचा, कारण चमकणारा पदार्थ धुतला जातो आणि मग दिव्याखाली काहीच दिसत नाही. तर एकाच माणसाच्या दोन घड्यांत दोन आजार होते आणि दोन्हींवर एकच ट्यूब चालू होती.

हे सगळं पाहून, पुसून, कोरडं करून झालं तरी खोलीतला वास जाईना. कुबट आणि आंबूस. डायपर नुकताच बदलला होता. आजोबांना विचारलं, ‘डावा हात दुखतो का?’ ते म्हणाले, ‘तिकडे काही नाही हो सिस्टर.’ त्यांचं बोलणं शाबूत होतं, म्हणूनच सगळ्यांनी त्यांच्यावर विसंबून राहायचं ठरवलं असावं. पण उजव्या मेंदूच्या पक्षाघातात पुष्कळांची डावीकडची जाणीवच पुसली जाते. ती बाजू त्यांच्या लेखी नसतेच. आजोबा काही लपवत नव्हते. त्यांची मुलगी म्हणाली, ‘मूठ उघडायला गेलं की जास्तच आवळतात, म्हणून आम्ही हात लावत नाही.’

तिचं खरंच होतं. टोकांना धरून बोटं ओढली की ताठरलेले स्नायू उलटे आवळतात, आणि जोर केला तर सांधा दुखावतो किंवा कातडी फाटते. आधी दंड आणि कोपराला खालून आधार द्यायचा. मग मनगट हळूच तळव्याच्या दिशेने वाकवायचं. बोटं मिटणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या (कंडरा) मनगटावरून जातात. मनगट वाकलं की त्या सैल पडतात. असंच मिनिटभर धरून ठेवायचं. मग अंगठा त्याच्या बुडाशी धरून बाहेर काढायचा, टोकाला नाही. त्यानंतर करंगळीकडून एकेक बोट मुळापाशी धरून सोडवायचं. अजिबात घाई नाही, झटका तर नाहीच.

मूठ उघडली. तळवा भिजल्या कागदासारखा पांढरा होता, रेषांमध्ये मळ आणि सोललेली लाल कातडी, मधल्या दोन बोटांची नखं मांसात रुतलेली. मुलगी रडायला लागली. वॉर्डातल्या कुणाला तसं काही वाटलं नाही, आणि हेच मला अजून खुपतं.

उपचार साधे असतात, ते पार पाडायला माणूस लागतो. कोमट पाण्यात हात पाच मिनिटं ठेवायचा. साबण सौम्य, आम्लधर्मी. अंगाचा नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो आणि घडीची कातडी आणखी बिघडवतो. पुसताना घासायचं नाही, टिपायचं. मग पाच मिनिटं हवा, हवं तर हेअर ड्रायर, पण थंड हवेवर. एक टक्का क्लोट्रिमॅझोल, ही बुरशीवरची क्रीम, दिवसातून दोनदा, इतकं पातळ की पांढरं दिसता कामा नये. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतची क्रीमची रेघ बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. पुरळ गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवायचं. क्रीमवर पावडर कधीही नाही. दोन्हींचा लगदा होतो, वाळतो आणि खरखरीत गोळ्या कातडी कापतात. जांघेत क्रीम मुरल्यावर झिंक ऑक्साइडचा थर, लघवीपासून आड म्हणून.

घडीत कापड ठेवायचं ते एकेरी आणि सपाट, एक कड निदान पाच सेंटिमीटर बाहेर राहील असं, म्हणजे ओल बाहेर येऊन उडते. बहुतेक जण गॉजची गुंडाळी आत कोंबतात. ती ओल धरून बसते आणि आहे ते वाढतं. ओल ओढणारं खास कापड वापरायचं तर त्याखाली क्रीम लावायची नाही, नाहीतर ते काम करत नाही. बोटांच्या मधे सुती पट्ट्या आणि तळव्यात सुती कापडाची मऊ सुरळी दिली. प्रत्येक धुण्याला ती बदलायची आणि घातल्यावर अर्ध्या तासाने काढून लाल वळ उठलाय का ते पाहायचं.

डॉक्टरांना दोन गोष्टी सांगितल्या. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी मधुमेहाची गोळी चालू आहे का ते पाहा, तिच्यामुळे जांघेतली बुरशी वाढते. गोळी चालू होती. तिचा निर्णय त्यांच्याकडे. दुसरं, बोटं मिटणाऱ्या स्नायूंत बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन. मूठ सैल पडते आणि धुणं घरच्यांच्या आवाक्यात येतं. साधारण तीन महिन्यांत असर ओसरतो, तेव्हा त्या काळात फिजिओथेरपी आणि स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारी पट्टी, हवंच. लाली मनगटाच्या वर सरकली, हात गरम झाला किंवा ताप आला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

तळवा भरून आला. काखही साफ झाली. जांघेतली पातळ कातडी मात्र तशीच आहे, तिला वेळ लागेल.

आमच्या त्वचा-तपासणीच्या तक्त्यात माकडहाड, टाचा, जांघ, काख, स्तनाखालची जागा, पोटाची वळी असे रकाने आहेत. मुठीचा नाही. रकाना वाढवा असं मी लेखी दिलंय. कागदावर जागा नाही असं उत्तर आलं. तोवर पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाच्या तक्त्याखाली मी ते हाताने लिहिते : तळवा उघडून पाहिला, तारीख, सही.