जेट बदलू की आकडा?

गेले काही महिने माझी झोप उडवली आहे ती वीतभर लांबीच्या दोन वस्तूंनी. माझ्या गाडीच्या चार सिलिंडरच्या जुन्या इंजिनावर जोडीनं बसलेले वेबर कंपनीचे साइडड्राफ्ट, म्हणजे आडवे, कार्बोरेटर: हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारी यंत्रं. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट बदलून झाला, हेडमधल्या हवेच्या वाटा (पोर्ट) घासून मोकळ्या केल्या. आता हे कार्बोरेटर ठेवायचे, की काढून कॉम्प्युटरच्या हिशेबानं पेट्रोल फवारणारं इंजेक्शन बसवायचं?

कार्बोरेटरला काहीही मोजता येत नाही, याचं मला अजून नवल वाटतं. नळी मध्येच अरुंद केली की हवा तिथे वेग घेते, दाब उतरतो आणि फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल आपसूक वर ओढलं जातं. किती, ते पितळेच्या जेटचं बारीक भोक ठरवतं. पेट्रोल पुरतं जळायला वजनानं 14.7 पट हवा लागते, पूर्ण ताकद हवी तर 12.5 ते 13 पट. एवढा नाजूक हिशेब अंदाजपंचे, आणि तरी गाड्या वर्षानुवर्षं त्यावर पळाल्या.

माझ्याकडे बिनसलं ते कॅमशाफ्टमुळे. नव्या कॅममध्ये हवा आत घेणारे इनटेक आणि धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे राहतात. कमी आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे कमी असताना, हवा आत जाते तशी थोडी उलटीही फिरते, आणि भाबडा कार्बोरेटर तिला जाताना पेट्रोल देतो, परत येतानाही देतो. तोंडाशी धुकं तरंगतं, गाडी 3000 च्या आसपास अडखळते. मग मेन जेट, म्हणजे पेट्रोलचं मुख्य भोक, बदला. 135 म्हणजे 1.35 मिलिमीटरचं भोक. ते काढून 140 घातलं, तर जास्त आरपीएमचं वरचं टोक सुधारलं असं वाटलं आणि मधलं आणखी बिघडलं. इंजेक्शनमध्ये कॉम्प्युटरच्या टेबलातला 3000 चा आकडा बदलला तर 6000 चा जागचा हलत नाही. मोह इथेच होतो.

जोरात वळण घेतलं की वाटीतलं पेट्रोल एका बाजूला जाऊन इंजिन क्षणभर गुदमरतं, तेव्हा मला दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायर आठवतं. विमानानं झपकन नाक खाली घातलं की त्याच्या मर्लिन इंजिनाच्या कार्बोरेटरचा घोटाळा व्हायचा आणि इंजिन दम सोडायचं. पाठलागातल्या जर्मन मेसरश्मिट 109 विमानाला इंजेक्शन होतं, त्याला फिकीर नव्हती. 1941 मध्ये बिअॅट्रिस शिलिंग या इंजिनीअर बाईंनी पेट्रोलच्या वाटेत एक छोटीशी भोकाची चकती बसवून बराच त्रास कमी केला. पण कार्बोरेटर ठेवणारे मूर्ख नव्हते. पेट्रोल सुपरचार्जरच्या (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याच्या) आधीच हवेत मिसळलं की त्याच्या वाफेनं हवा थंड होते, आणि थंड हवा सिलिंडरमध्ये जास्त मावते. म्हणूनच नीट जुळवलेले कार्बोरेटर शेवटच्या ताकदीत आजही फारसे मागे पडत नाहीत. फोक्सवॅगन 1600 ला बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन 1967 मध्ये आलं. अमेरिकेतल्या नॅस्कार मोटार शर्यतींच्या सर्वोच्च मालिकेत मात्र 2011 चा मोसम संपेपर्यंत कार्बोरेटरच होते!

इंजेक्शन म्हणजे चार इंजेक्टर लावले की झालं, असं सांगणाऱ्याला एकदा यादी दाखवावी. पाव बारवर भागणाऱ्या पेट्रोलला आता तीन बार दाब हवा, म्हणजे पंप नवा, परतीची नळी नवी, टाकीतही बदल. क्रँकवर (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर) दातांचं चाक, त्यासमोर सेन्सर, वायरिंग. शिवाय माझ्या कॅममुळे मॅनिफोल्डमधला, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांतला, दाब इतका थरथरतो की कॉम्प्युटरलाही त्याचा भरवसा धरता येत नाही. थ्रॉटल (हवेची झडप) किती उघडलाय आणि आरपीएम किती, यावरच टेबल बांधावं लागतं. सोळा बाय सोळा, म्हणजे 256 रकाने. ते भरणार कोण? मीच. म्हणजे अंदाज काही सुटला नाही, फक्त पितळेतून आकड्यांत गेला.

शेवटी दोन्ही बाजूंना लागणारी एकच वस्तू आधी घेतली: एक्झॉस्टमध्ये बसून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा वाइडबँड सेन्सर. इतके दिवस मी मिश्रणाचा अंदाज घ्यायला स्पार्क प्लग काढून त्यांचा रंग बघत होतो आणि मान डोलवत होतो. मीटर लावून पहिली फेरी मारली. मधल्या पट्ट्यात पेट्रोलच्या फक्त 10.8 पट हवा, आणि जिथे सुधारलं म्हणून खूश होतो त्या वरच्या टोकालाही 11.4. पेट्रोल नुसतं वाया चाललं होतं. कार्बोरेटरला घातलेल्या शिव्यांपैकी निम्म्या तरी माझ्याच होत्या.

इंजेक्शनचा विचार सोडलेला नाही. याच कार्बोरेटरच्या जागी, त्याच बोल्टांवर बसणारे इंजेक्शनचे थ्रॉटल बॉडी मिळतात. पण सध्या 140 काढून 130 घातलंय, आणि मीटरची वायर अजून खिडकीतूनच आत घेतलेली आहे.