प्लॅन म्हणजे कुठं कधी नसायचं ते

पुणे ते कन्याकुमारी गाडीनं जायचं ठरलंय. नकाशा म्हणतो साधारण १५०० किलोमीटर, म्हणजे इतके इतके तास, आणि तो आकडा बघून घरात सगळे एकदम खूश, अरे एवढंच ना! आता ह्या आकड्यात चहा नाही, बाबांचं दर दोन तासांनी पाय मोकळे करणं नाही, सातारा-कागल पट्ट्यातल्या सहापदरीकरणाची डायव्हर्जन्स नाहीत आणि ढाब्यावर ऑर्डर दिल्यावर 'दोन मिनिटात आणतो साहेब' नंतरचा अर्धा तास तर नाहीच नाही.

माझं मत असं झालंय की लांबच्या ड्राईव्हचा प्लॅन म्हणजे कुठं पोचायचं हे नसतंच, ते काय, रस्ता धरला की माणूस पोचतोच कधीतरी. खरा प्लॅन म्हणजे कुठल्या वेळी कुठं नसायचं. पुण्यात सकाळी आठला नसायचं, म्हणून पहाटे पाचला निघायचं, खंबाटकी उजाडता उजाडता चढायचा. बंगळूरला सकाळी नऊला नसायचं आणि संध्याकाळी सहाला तर अजिबातच नसायचं. तामिळनाडूतल्या तोप्पूरच्या घाटात अंधारात नसायचं. एवढं कागदावर लिहिलं की बाकीचं वेळापत्रक आपोआप तयार होतं, हॉटेलं वगैरे मग शोधायची.

म्हणजे बघा, पहिला मुक्काम हुबळीला करावा असं बाबांचं म्हणणं होतं, अंधाराच्या आत टेकायचं हा त्यांचा नियम. (बाबांसाठी हा रस्ता अजून एनएच फोरच आहे, २०१० मध्ये नंबर बदलून तो ४८ झाला हे त्यांना मान्य नाही.) पण हुबळीहून सकाळी निघालं की बंगळूर बरोब्बर भलत्या वेळी आडवं येतं. म्हणून मी मुक्काम पुढं चित्रदुर्गला ढकलला. सकाळी निवांत किल्ला बघायचा, जिथनं हैदर अलीचे सैनिक आत शिरत होते आणि पहारेकऱ्याच्या बायकोनं, ओबव्वानं, मुसळ घेऊन एकेकाला आडवं केलं असं सांगतात ती खिंड बघायची, आणि दहा-साडेदहाला निघून बंगळूर भर दुपारी पार करायचं. शहरात शिरायचंच नाही, डाबसपेटवरून दोड्डबळ्ळापूर-होसकोटेकडं जाणारा नवा रिंगरोड धरायचा. बायको म्हणाली किल्ला हा ट्रॅफिक टाळायला बघतात का कधी? म्हणलं आपण बघतोय ना.

ह्याच्यात वाटेत दावणगेरे संध्याकाळच्या चहाच्या सुमाराला येतं हा बोनस. तिथला बेण्णे डोसा, लोण्यात न्हालेला, सोबत बटाट्याची पांढरी भाजी. आईनं मात्र दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तळलेल्या मिरच्या ह्यांचा डबा आधीच जाहीर केलाय, त्यामुळं डोसा आणि दशमी ह्यांच्यात कोल्हापूरपासूनच ताणाताणी असणार. ह्यात मी पडत नाही.

मग पुढं ४४ नंबर मिळतो, श्रीनगर ते कन्याकुमारी, देशातला सगळ्यात लांब हायवे. धर्मपुरीच्या पुढं तोप्पूरचा उतार. सेलमकडं जाताना आपण उतरत असतो, आणि मोठे ट्रक डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडतात नि मग ब्रेक लागत नाहीत, ह्या घाटाचं नाव अपघातांच्याच बातम्यांत येतं. इथं कुणाचंही ऐकायचं नाही, उजेडात उतरायचा, खालच्या गिअरमध्ये, आणि मागं ट्रक चिकटलाय असं वाटलं तर सरळ वाट द्यायची. रात्री सेलम.

कागदपत्रांचं लवकर उरकतं. पीयूसी, इन्शुरन्स, स्टेपनीत हवा (ही सगळे विसरतात), फास्टॅगमध्ये पैसे. १५ ऑगस्ट २०२५ ला ३००० रुपयांत सुरू झालेला वार्षिक पास असला तर राष्ट्रीय महामार्गांचे टोल त्यात जातात, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. एवढ्या लांब जाऊन यायचं तर वसूल आहे.

शेवटच्या दिवशी मदुराई मागं टाकून दुपारी मुप्पंदलच्या पवनचक्क्यांतून जायचं आणि सूर्यास्ताला कन्याकुमारी गाठायची. फक्त ह्या एका ठिकाणी प्लॅनमध्ये 'असायचं' आहे. दुसऱ्या दिवशी विवेकानंद स्मारक, जे १९७० मध्ये उभं राहिलं त्याच्यामागं अमरावती जिल्ह्यात जन्मलेले एकनाथजी रानडे होते, बाबांना तिथं जायचंय ते मुख्य त्यांच्यासाठीच.

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. भांडण आहे ते परतीचं. मुलीनं शोधून काढलंय की ६६ नंबरचा हायवे कन्याकुमारीहून निघतो तो केरळ, मंगळूर, गोवा करत थेट पनवेलला, म्हणजे समुद्राच्या कडेकडेनं घरी, आणि आईला पण पटलंय, वाटेत गोकर्ण होईल म्हणून. आता ह्या दोघींना कोण सांगणार की केरळात जागोजागी रुंदीकरण चाललंय, आणि गोव्याच्या पुढं जो आपला मुंबई-गोवा हायवे लागतो त्याचं काम २०११ पासून सुरू आहे, तिथं कुठल्या वेळी नसायचं ह्याचं उत्तर माझ्या कागदावर अजून येत नाहीये. बाबा म्हणतात सावंतवाडीहून आंबोली चढा नि कोल्हापूरला एनएच फोर पकडा.