स्लॅगखालची नागअळी

जुलैमधला मंगळवार. भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या वेल्डिंगच्या शेडवर रात्रभर पाऊस कोसळत होता. सकाळी सव्वाआठला आत शिरले, तर आमचे सुपरवायझर गॅसचा प्रवाह दाखवणाऱ्या फ्लोमीटरची चावी फिरवत उभे. "ताई, रात्रीच्या फ्रेमला भोकंच भोकं आलीत. गॅस कमी पडतोय. अठ्ठावीसवर नेलाय."

"दादा, आधी तो परत अठरावर आणा."

पोरोसिटी, म्हणजे वेल्डमध्ये वायूची भोकं, दिसली की पहिला हात गॅसच्या चावीवर जातो. सगळ्यांचाच जातो, माझाही जायचा. वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून हा गॅस असतो. पण आमच्या नोझलला मिनिटाला १५ ते २० लिटर पुरतात. त्यापलीकडे रेटलं की गॅस सरळ उतरत नाही, घुसळत येतो आणि बाजूची हवा आत ओढतो. म्हणजे भोकं बुजवायला गेलो आणि वाढवून बसलो.

फ्रेम पंपाच्या बेसची होती. १२ मिमी प्लेट, ८ मिमीचा फिलेट म्हणजे कोपऱ्यातला जोड, १.२ मिमीची, पोटात फ्लक्सची पूड भरलेली फ्लक्स कोअर वायर, वर गॅस म्हणून शुद्ध सीओटू. या वायरचा स्लॅग, म्हणजे वेल्डवर गोठणारं फ्लक्सचं कवच, एरवी इतका गुणी असतो की चिपिंग हातोडीच्या दोन टिचक्यांत पापुद्र्यासारखा सुटतो, कधी कधी तर आपला आपणच उचलून येतो. त्या दिवशी तो चिकटून बसला होता. खरवडून काढला, वायर ब्रश मारला आणि बॅटरी आडवी धरून पाहिलं. मण्यावर, म्हणजे वेल्डच्या पट्टीवर, सेंटीमीटरभर लांबीच्या, वेड्यावाकड्या, उथळ चऱ्या होत्या. मी नारायणगावची. टोमॅटोच्या पानात नागअळी शिरली की अशीच नागमोडी रेघ उमटते. इथे ती लोखंडात उमटली होती.

ही खूण फार बोलकी असते. या वायरचा स्लॅग चटकन गोठतो, म्हणून तर उभ्या जॉइंटला धातू ओघळत नाही. पण खालच्या वितळलेल्या धातूतून वायू निघत असेल, तर वर झाकण लागलेलं. मग तो स्लॅगखालून वाट काढत सरपटतो आणि मागे चरी सोडतो. वाऱ्याने गॅस उडाला की जास्त करून गोल, उघडी टोचे दिसतात, आणि तीही वाऱ्याच्या बाजूला. उन्हाळ्यात मॅन-कुलर वेल्डरच्या पाठीवर लावलेला असतो, तेव्हा हा प्रकार हमखास होतो. ताशी आठेक किलोमीटरचा झोतसुद्धा पुरतो. आमच्या चऱ्या मात्र शटरपासून भिंतीपर्यंत सारख्या होत्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची ठरली. तीन मशीन गॅसच्या एकाच मॅनिफोल्डवर, म्हणजे सामाईक पाइपवर, होती आणि तिसऱ्या मशीनचा मणी स्वच्छ होता. गॅस ओला किंवा खराब असता तर तिन्हीकडे रडगाणं असतं. तरी पहिल्या दोन मशीनचे होजचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासले, नोझल काढून स्पॅटर, म्हणजे उडून चिकटलेले धातूचे थेंब, झाडला, गॅस पसरवणाऱ्या डिफ्युजरची भोकं पाहिली. सगळं ठीक. प्लेटही ग्राइंड केलेली होती, गंज नाही, प्रायमर नाही.

मग वायर पुढे सरकवणारे फीडर उघडले. तिसऱ्यावर सकाळीच पाकीट फोडून चढवलेला वायरचा स्पूल. बाकीच्या दोघांवर शनिवारचे, अर्धे संपलेले, झाकणं उघडी, आणि वर पत्र्यातून तुषार येत होते. बोट फिरवलं तर एका स्पूलच्या बाहेरच्या वेढ्यांवर तांबूस झाक. पुण्याच्या पावसाळ्यात उघडी वायर तीन रात्री ठेवायची म्हणजे ओल पोटात घेऊ देण्यासारखंच आहे. आर्कमध्ये त्या ओलीतून हायड्रोजन सुटतो. स्पूल प्लॅस्टिकचे, वाळवायला ओव्हनमध्ये घालायची सोय नाही. दोन्ही बाजूला काढले, नवे चढवले.

एक मशीन लगेच सुधारलं. दुसऱ्यावर चऱ्या कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. तेव्हा मी काच लावून ते मशीन चालवणाऱ्या पोराशेजारी उकिडवी बसले. हात सुंदर होता त्याचा. पण गनच्या टिपपासून प्लेटपर्यंत जेमतेम १० मिमी वायर. आधीच्या कंपनीत सॉलिड, म्हणजे फ्लक्स नसलेली भरीव वायर चालवायचा, तिथे तेच बरोबर होतं. इथे वायर २० मिमीच्या आसपास बाहेर हवी, म्हणजे ती वाटेतच तापते आणि उरलीसुरली ओल आर्कआधी उडून जाते. शिवाय त्याने व्होल्टेज ३१ वर ठेवलं होतं. त्यानेही चऱ्या वाढतात.

"मॅडम, लांब धरली की अँपिअर पडतात."

बरोबर होतं त्याचं. तेवढ्याच स्पीडला ते उतरतातच. मग वायर स्पीड थोडा वाढवला, व्होल्टेज २७ वर आणलं, गन ओढत्या कोनात ठेवायला सांगितली. भंगाराच्या तुकड्यावर वीतभर मणी मारला. त्याने हातोडी उचलायच्या आधीच स्लॅग कडकड करत सुटला. खाली बारीक लाटा, एकही रेघ नाही.

रात्रीचं काम मात्र वाचलं नाही. सुपरवायझर म्हणाले, वरून वेल्डचा एक रन, म्हणजे थर, मारून घेऊ. मी नाही म्हटलं. औंधच्या आयटीआयमधून बाहेर पडल्यावर पहिल्याच वर्षी मी एका तेलाच्या टाकीवर अशी भोकं वरच्या रनखाली झाकली होती. खालचा वायू नव्या मण्यात वर आला, टाकी गळत परत आली, आणि ती मला स्वतःला उघडून खरवडावी लागली. तो तेलाचा वास मला अजून आठवतो. म्हणून फ्रेमचे चार मीटर जॉइंट मुळापर्यंत ग्राइंड केले. चकचकीत धातू दिसला तेव्हाच पुन्हा आर्क लावला. संध्याकाळी डीपी टेस्टमध्ये, म्हणजे भेगा-भोकं रंगाने दाखवणाऱ्या तपासणीत, वर फवारलेला डेव्हलपर पांढराच राहिला, दोषाचा एकही डाग नाही.

सुटीआधी त्या पोराने अर्धा स्पूल काढून पिशवीत घातला, तोंड टेपने बंद केलं आणि वर मार्करने तारीख टाकली. सुपरवायझरांनी पत्र्यावर ताडपत्री चढवायला माणूस पाठवला.